तिन्ही नकाशांवरचा पूल

रविवार, ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगतो, आमच्याकडे सगळे ठीक आहेत. फोन हाताशी असताना हा पत्र काय लिहीत बसला, असंही तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी लगेच विषय बदलतो. लहानपणापासूनची खोड. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही आणि मलाही पळता येणार नाही.

आईचा गुडघा तसाच आहे. डॉक्टरांनी जिना बंद केलाय, पण ती ऐकते कुठे. मी ऑफिसला निघालो की गच्चीवर जाते, उतरली की गुडघा धरून बसते आणि वर मलाच विचारते, ह्या औषधाचा गुण का येत नाही म्हणून. मग ही तिच्यावर चिडते आणि शेवटी दोघी मिळून माझ्यावर.

नगरपालिकेत मला नवी खोली मिळाली आहे. खिडकी आहे, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. दारावर पाटी लागली, ‘समन्वय अधिकारी’. अठरा वर्षं नकाशे काढले, आता म्हणे समन्वय करायचा. म्हणजे नक्की काय करतोस, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी ते थट्टेवारी नेलं. आज नीट सांगतो. कंटाळवाणं आहे, पण वाचच.

गावातला रस्ता आमचा, नगरपालिकेचा. गावाबाहेर पडला की तो प्रादेशिक कार्यालयाचा. आणि दोन्हींच्या मधून आडवा जाणारा महामार्ग राजधानीतल्या खात्याचा. तिघांचे इंजिनिअर वेगळे, शिक्के वेगळे, आणि एकमेकांचे फोन उचलायची हौस कोणालाच नाही. वर्षातून दोनदा तिघांची एकत्र बैठक होते. तिथे ठरेल तेच काम पुढच्या यादीत जातं. आपला रस्ता चार वर्षं त्या यादीत घुसत नव्हता. मी खेटे घालून घालून तो घुसवला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दिवशी भावोजींनी मुद्दाम फोन करून मला ‘रस्तेसम्राट’ म्हटलं होतं, आठवतंय?

महामार्ग रुंद झाला आणि बसथांबा पलीकडे गेला. माणसांना जायला तिथे पूल होणार होता. यादीत होता, नकाशात होता.

परवा तू फोन केलास तो चौकशीच्या अहवालासाठी. खाली ‘मान्य’ म्हणून सही मागितली आहे, करू का, असं विचारलंस. करून टाकते, मिटवते एकदाचं, म्हणालीस. मग म्हणालीस, पोरगी विचारत होती, बाबा तिथून का गेले. तू तिला सांगितलंस, त्यांना दोन मिनिटं धीर धरवला नाही.

मी ‘उद्या बोलतो’ म्हणून फोन ठेवला. पुढचं ऐकवेना.

सही करू नकोस.

बाकीचं उद्या लिहितो. आई हाक मारते आहे.

बुधवार, ता. १२

उद्या म्हणता म्हणता तीन दिवस गेले. आई हाक मारत नव्हती, ताई. ती झोपली होती.

आमच्या नकाशांची एक रीत आहे. आपलं ऑफिस जे बांधणार ते सलग रेघेनं काढायचं. दुसऱ्या ऑफिसनं बांधायचं असेल ते तुटक रेघेनं, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘इतरांकडून’. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.

जानेवारीत भावोजी माझ्या ऑफिसात आले होते. तुला बोलले नसतील. छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते, नखांना बाइंडिंगची खळ तशीच होती. म्हणाले, थांबा पलीकडे गेलाय, आता ओलांडायचं कुठून? चौकाला वळसा घालायला पाऊण तास लागतो. मी ऐटीत आमचा नकाशा पसरला, पुलावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हा बघा, सहा महिन्यांत उभा राहतो. त्यांनी नकाशा निरखून बघितला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग विचारलं,

“आणि तोवर?”

“तोवर दुभाजकात कामगारांसाठी फट ठेवली आहे ना, तिथून जा. सगळे तिथूनच जातात.”

हे मी सांगितलं, ताई. त्यांनी मला विचारलं आणि मी हे सांगितलं.

ते गेल्यावर नकाशा गुंडाळताना लक्ष गेलं, आमच्याकडे पूल तुटक रेघेत होता. महामार्गावरचा पूल महामार्गवालेच बांधणार, असं धरून मीच तो तसा काढला होता. सहज म्हणून त्यांचा नकाशा काढला. तिथेही तुटक. प्रादेशिकवाल्यांचा काढला. तुटकच, ‘इतरांकडून’. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पूल तिघांनी दाखवला होता, बांधणारा कोणीच नव्हता. आणि तिन्ही नकाशे जुळवून बघून ‘तपासले’ म्हणून सही करणारा मी.

त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण यादी पुन्हा उघडली की अख्खा रस्ता बाहेर पडणार, पुन्हा तिघांच्या दारात खेटे, आणि साहेबांना काय तोंड दाखवू? जूनच्या बैठकीत गुपचूप दुरुस्त करून घेऊ, असं ठरवलं आणि कागद कपाटात ठेवले. भावोजींना फोन करून ‘त्या फटीतून जाऊ नका’ एवढं तरी सांगता आलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. नाही केला फोन.

तीन एप्रिलला संध्याकाळी ट्रकनं त्यांना त्या फटीतच गाठलं.

जूनची बैठक झाली. महामार्गवाले म्हणाले, पायी जाणाऱ्यांची सोय नगरपालिकेनं बघायची. आमचे साहेब म्हणाले, आमची हद्द रस्त्याच्या कडेला संपते. प्रादेशिकवाले म्हणाले, आम्ही फक्त मंजुरी देतो. तासभर टोलवाटोलवी झाली. शेवटी तिघांनाही चालेल असं एक वाक्य हवं होतं. बैठकीत काय ठरलं ते लिहून काढायचं काम माझ्याकडे असतं. ‘सदर व्यक्तीने घाईने, अनधिकृत ठिकाणी रस्ता ओलांडल्यामुळे’. तुझ्या अहवालात आहे ते हेच वाक्य. त्यातलं ‘घाईने’ माझं. ते कोणी मागितलंही नव्हतं.

नंतर तुझ्या घरी येऊन, तुझ्या हातचा चहा पिऊन, भावोजींना घाईच फार होती, असं मी म्हणालो. तू मान हलवलीस. तेव्हापासून तू त्यांच्यावर रागावून आहेस, आणि मी ते बघत आलो.

आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी जबाब दिला. तिन्ही नकाशांच्या प्रती जोडल्या, तुलाही सोबत पाठवतो आहे. पुलाभोवती लाल पेन्सिलीनं गोल केलाय, लगेच सापडेल. अधिकारी बाईंनी जबाब दोनदा वाचला. म्हणाल्या, अजून शिक्का मारलेला नाही, मागे घेता येईल. मी म्हटलं, मारा. दुपारपर्यंत साहेबांना कळलं, आणि दारावरची पाटी काढायला माणूस आला. स्क्रू गंजले नव्हते, पटकन निघाली. माझ्या नोकरीची काळजी करू नकोस. करणारही नाहीस, ठाऊक आहे.

पूल अजून नाही. येताना बघितलं, फट तशीच आहे आणि माणसं तिथूनच जाताहेत. एका बाईंना थांबवून म्हटलं, चौकातून जा. त्या म्हणाल्या, बस काय तुमच्या बापाची आहे माझ्यासाठी थांबायला? आणि गेल्या. त्या पलीकडे पोचेपर्यंत मी तिथून हललो नाही.

आईला मीच सांगेन, तू सांगू नकोस. मला घरात घेतलं नाहीस तरी चालेल. चालेल म्हणजे सोसेन.

फक्त पोरीला एवढं सांग. बाबा घाईत नव्हते. रस्ता कुठून ओलांडायचा, हे विचारायला ते अर्धा दिवस रजा टाकून गेले होते.

त्यांनी ज्याला विचारलं तो,
तुझा धाकटा भाऊ