लोणी की केतकी

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझी मान अवघडली आहे, कारण गेला आठवडाभर मी भिंतीकडेच बघतो आहे.

बैठकीच्या खोलीला पिवळा रंग द्यायचा, इथवर आमचं एकमत होतं (संसारातलं बहुधा शेवटचं). दुकानातल्या रंगांच्या कार्डावर मला 'लोणी' आवडला आणि हिला 'केतकी'. दोघांत फरक किती, तर दुकानदारालासुद्धा डब्यावरचं नाव वाचावं लागलं. रंगाऱ्याने दोन्हींचे चौकोन भिंतीवर मारून दिले. मी निवृत्त माणूस, दिवसभर घरात. लख्ख उजेडात लोणी असा काही खुलायचा की विचारू नकोस. ही कामावरून येणार दिवे लागल्यावर आणि म्हणणार, "अहो, तुमचा रंग आजारी दिसतो." मी म्हटलं, तू दमून आली आहेस. शब्दाने शब्द वाढला, मी हट्टाला पेटलो आणि जेवता जेवता सांगून टाकलं, की या घरात निदान भिंती तरी माझ्या मनासारख्या होऊ देत. ही गप्प झाली (तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं). रंगाऱ्याने चारही भिंती लोणी करून टाकल्या.

दिवसा खोली सुरेख दिसते. संध्याकाळी दिवा लावला की मात्र आम्हा दोघांना कावीळ झाल्यासारखी वाटते. काल शेजारी आले, त्यांनी मला तब्येत जपायला सांगितलं. ही बाजूलाच बसली होती, पण एका शब्दाने बोलली नाही. तेच मला फार लागलं. तरी मी शब्द फिरवणाऱ्यांतला नाही, हे तू जाणतेसच. रंग हाच राहणार.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी ये, दिवे लागल्यावर. आल्या आल्या भिंतीकडे बघून नाक मुरड आणि हा रंग बदल म्हणून मला चांगलं दटाव. तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, हे हिला ठाऊक आहे. केतकीचा डबा आणून पलंगाखाली ठेवला आहे.

आणखी एक ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. रविवारी जरूर या, पण भिंतीचं तोंड भरून कौतुक करा. पलंगाखाली झाडू मीच मारते. तो डबा ह्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढायचा आहे, आणि मला काही घाई नाही.