उंदीर कुठे मेला?

राणाघाट, शुक्रवार, ३ मार्च १९७८. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. होमिओपॅथीच्या दुकानात बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होतो, ते थांबवून लिहितो आहे.

श्रीचरणेषु मामा यांस, तपोब्रतचा सा. न. वि. वि.

माझी गोष्ट परत मिळाली. तिच्यातली माणसं शाळेच्या बक्षीस-समारंभात बोलल्यासारखी बोलतात, असा शेरा तुम्ही मारलात. घरात कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिहून कळवत जा, म्हणजे हात मोकळा होईल, असंही लिहिलंत. तर ही पहिली खेप.

परवा शांतिपूरचे लाहिडीबाबू मुलासाठी आमच्या बुलीला बघायला आले. ते इकडचेच, डाळीतही साखर घालणारे. आपण पलीकडच्या बंगालातून आलेले. त्यांना सुक्या मासळीच्या नावानंही मळमळतं, म्हणून लग्न लागेपर्यंत घरात ती शिजणार नाही, असं बाबांनी स्वतःच्या वडिलांनाही बजावलं होतं. ठाकुर्दांनी मान डोलावली आणि ऐन त्याच दुपारी गच्चीवर शेगडी पेटवली. फाल्गुनातला दक्षिणेचा वारा. वास जिन्यावाटे थेट बैठकीत. लाहिडीबाबूंनी संदेशाची मिठाई तोंडाशी नेता नेता विचारलं, की कुठे उंदीर-बिंदीर मेलाय का हो? बाबा पटकन म्हणाले, की हो ना, शेजाऱ्यांकडे, किती सांगितलं तरी उचलत नाहीत. आई पदरात तोंड खुपसून आत पळाली.

मुलगी पसंत आहे. चैत्रात लग्नं नसतात, म्हणून बारा वैशाख ठरला. उंदराचं कुणाला सांगू नका.

आपला, तपोब्रत


कलकत्ता, १२ मार्च

चि. तपोब्रत ऊर्फ टुकाईस अनेक आशीर्वाद.

उंदीर उत्तम. वाचताना चहा सांडला. ‘मुलगी पसंत आहे’ एवढं लिहून थांबलास, तेही छान. मागच्या गोष्टीत तू त्या जागी चंद्र उगववला असतास. वाक्य लिहून झालं की आईला वाचून दाखवत जा. तिनं ‘कुणाचं पत्र?’ असं विचारलं तर ठेव, ‘कुणाचं भाषण?’ असं विचारलं तर खोड.

माझं म्हणशील तर छातीत कफ आहे, समोरच्या आंब्यावर कोकीळ आहे आणि नववर्ष अंकाच्या संपादकांचा माणूस दाराशी आहे. पाच पानं लिहिली, चार फाडली. वसंत कवींसाठी येतो रे, आमच्याकडे नुसती मुदत येते.

बरं, ठाकुर्दा पकडले गेल्यावर नेमकं काय म्हणाले? शेगडी मातीची की लोखंडी? कळव. बोरांचं लोणचं पोचलं, आईला सांग.

तुझा मामा


राणाघाट, २० मार्च, सकाळी पावणेसात. दुकान अजून उघडायचं आहे.

श्रीचरणेषु मामा यांस, सा. न. वि. वि.

शेगडी कशाची, हे तुम्हाला कशाला हवं? स्टेशनवर नववर्ष अंकाची जाहिरात पाहिली. तुमच्या कथेचं नाव ‘दक्षिणेचा वारा’. आमच्या गच्चीवरचाच ना हा वारा?

लाहिडीबाबू तो अंक मुखपृष्ठापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. बाबांची थाप छापून आली, तर खोटारड्यांच्या घरची मुलगी कोण करील? मधल्या मेजोमामींच्या कवळीवर तुम्ही कथा लिहिलीत, त्या अजून तुमच्याशी बोलत नाहीत. म्हणून आजपासून फक्त हवामान.

आज ऊन आहे. आंब्याला मोहोर बरा आहे. ठाकुर्दा काय म्हणाले ते मला पक्कं आठवतं, पण कळवणार नाही.

आपला, तपोब्रत


कलकत्ता, २८ मार्च

चि. टुकाईस आशीर्वाद.

आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं पत्र हे. आधी तू सुंदर लिहायला बसायचास, या वेळी मला अडवायला बसलास. वाचणाऱ्याकडून काही हवं असलं, की वाक्य आपोआप सरळ होतं. फक्त हवामान खोटं वाटलं.

कथेत मासळीचा काटासुद्धा नाही, कालीमातेची शपथ. मेजोमामीची घेतली असती, पण तू विश्वास ठेवला नसतास. आता गुमान लग्नाच्या कामाला लाग.

तुझा मामा


राणाघाट, रविवार, १६ एप्रिल, सकाळचे आठ. बैठकीतल्या खुर्च्या जागेवर लावून लिहायला बसलो.

श्रीचरणेषु मामा यांस, सा. न. वि. वि.

ज्याच्या मनात काही नसतं तो शपथ कशाला घेईल, असं मला वाटलं. म्हणून तुम्हाला न विचारता मी लाहिडीबाबूंना पत्र टाकलं. शुद्धलेखन तीनदा तपासलं. त्यात लिहिलं, की नववर्ष अंकात गच्चीवर सुकी मासळी शिजवणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट आली, तर ते आमचं घर समजू नये. आमच्याकडे त्या दिवशी खरोखर उंदीरच मेला होता.

काल एक वैशाखाला, नववर्षाच्या दिवशी, अंक आला. बुलीनं मोठ्यानं वाचला. ना गच्ची, ना मासळी. औषधाच्या दुकानात चिठ्ठ्या डकवणारा एक तरुण, घरात कुणी पाणी मागितलं तरी कशाला म्हणून विचारणारा. आई म्हणाली, की अगंबाई, हा तर आपला टुकाई! मी तोंड धुवायला गेलो.

संध्याकाळी लाहिडीबाबू आले. अंक काखेत, माझं पत्र हातात. म्हणाले, की अंक दोनदा वाचला, मासळी कुठेच नाही, मग हे पत्र कशाबद्दल? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दाराआड बुलीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

तेवढ्यात ठाकुर्दा वाटी घेऊन जिना उतरले. म्हणाले, की व्याहीबुवा, उंदीर मीच. पोरीला हे फार आवडतं, तुमच्याकडे मिळायचं नाही, म्हणून शिजवलं. आधी खाऊन बघा, मग मोडायचं तर मोडा.

लाहिडीबाबूंनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि एक घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. मग विचारलं, की यात चिमूटभर साखर घातली तर चालेल का?

बारा वैशाख कायम आहे.

साखरेवर ठाकुर्दा जे बोलले, त्यानं लाहिडीबाबू हसता हसता खुर्चीवरून घसरले. ते काय, हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: कळवणार नाही. ते मी स्वतः लिहायला घेतलं आहे. पहिलं वाक्य आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, कुणाचं पत्र?

आशीर्वाद असू द्यावा, आणि लग्नाला येताना वही घरीच ठेवावी.

आपला, तपोब्रत