उपलब्ध मर्यादा

१२ एप्रिल

कार्ड चाललं नाही! चिखलीत, भर दुकानात, व्याह्यांसमोर!

भाचीचा, अश्विनीचा बस्ता होता. मुलाकडच्या साड्या मामीकडून — हे मीच नणंदेला, पुष्पाताईंना, मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. लाखाचं कार्ड! पर्समधून काढलंही असं की चार जणांना दिसावं. बिल बावन्न हजार. दुकानदारानं दोनदा मशीनला लावलं, मग हळूच म्हणाला, "ताई, लिमिट नाही उरली." व्याही शेषराव चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

आणि मी काय बोलले? "यायनंच उडवले असतील कुठंतरी."

हे शेजारीच बसलेले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग व्याह्यांना म्हणाले, "हाव, माह्याच हातून झालं."

पैसे शेवटी पुष्पाताईंनी दिले.

१३ एप्रिल

ह्यांनी कार्डाला कधी हातही लावलेला नाही. मग गेले कुठं?

१५ एप्रिल

ॲपमध्ये दोन ओळी आहेत. मर्यादा — एक लाख. तिच्याखाली बारीक अक्षरात, उपलब्ध मर्यादा — एकोणचाळीस हजार. मी आजवर वरचीच ओळ वाचत आले.

बँकेला फोन लावला. फ्रिज हप्त्यांवर घेतला ना, त्याची सगळी रक्कम त्याच दिवशी मर्यादेतून अडकली. हप्ता फिटेल तसतशी थोडी थोडी सुटते. मला वाटलं होतं, महिन्याच्या हप्त्याएवढीच अडकते! तो दोन दारांचा फ्रिजही माझाच हट्ट.

आणि नोकरी कुठं, तर पतसंस्थेत! रोज लोकांना पत समजावून सांगते. जीव द्यावासा वाटतो लाजेनं.

१८ एप्रिल

नाही सांगितलं कुणाला.

२२ एप्रिल

पुष्पाताईंचा फोन. व्याह्यांकडे कुजबुज सुरू झालीय, मामा जुगार खेळतात का म्हणून. "वहिनी, ते म्हणतात, असा माणूस पोरीच्या पाठीशी नको. मामा म्हणून चुलतभावाले उभं करू."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं काय, तर "पाहा, तुमाले बरं वाटते तसं." थू माझ्या जिभेवर!

जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं. फ्रिज, हप्ते, सगळं. हे भाकरी मोडत राहिले. म्हणाले, "मले मालूम होतं. बँकेचा मेसेज माह्याच फोनवर येते."

मग बोलले काऊन नाही?

"चारचौघांत तुही मर्यादा राखाची होती."

मी रडले. उद्याच व्याह्यांना सांगते म्हटलं, तर म्हणाले, लग्न होऊ दे आधी. आणि मला सुटल्यासारखं वाटलं! हीच माझी लायकी.

२९ एप्रिल

हळद. हे दिवसभर खुर्च्या मांडत होते. आचाऱ्याचे पैसे कुणी त्यांच्या हाती दिले नाहीत. पुष्पाताईंनीही नाही.

३० एप्रिल

अंतरपाट धरला. मामाच्या जागी चुलतदीर उभे. अश्विनी पाटावर पाय ठेवेना. म्हणाली, "माहे मामाच पायजेत." हे पार मागच्या खुर्चीवर, मान खाली घालून. शेषराव काही बोलायच्या आत मी उठले, आणि भटजींकडं माईक मागितला.