भांगाच्या दिवशी मोजलेला किनारा

ठाणे, ७ मे २०२५

ती. कोकिळाआत्यास तेजस्वीचा सा. न. वि. वि.

रेवसच्या जेट्टीलगतच्या किनाऱ्याचा माझा आराखडा ऑफिसात मंजूर झाला! आनंदाने मला एका जागी बसवत नाही. समुद्र दरवर्षी वर सरकतोय, म्हणून सगळे उंच भिंत मागतात. पण भिंतीने अडवलेलं पाणी शेजारच्या पाड्यात घुसतं. माझ्या आराखड्यात उताराचा काठ आहे, त्यावर तिवरांची खारफुटी आणि भरतीला पसरायला मोकळी जागा. मागे सगळ्या बायकांना मासळी सुकवायला उंच ओटा.

रविवारी घाईत येऊन भरतीची रेषा मी स्वतः मोजली. तुझी बोंबील वाळवायची जागा सुरक्षित आहे. वीस तारखेच्या ग्रामसभेत होकार मिळाला नाही तर भिंतच होईल. तू बोल, तुझं ऐकतात.

लोभ आहे, तो चढत्या पाण्यासारखा वाढू दे.

तुझी तेजू


रेवस, १५ मे

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चंदरला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. ऊर भरून आला. तुझा आतेभाऊ मात्र पोट धरून हसला. पोरी, कोळ्याच्या घरात जन्मून तू अष्टमीला पाणी मोजलंस? अष्टमीला भांग, भरती जेमतेम चढते. उधाण येतं पुनवेला नि अवसेला. तुमच्या कॉलेजात पंचांग लावत नाहीत वाटतं.

पुनवेच्या भरतीला पाणी आलं तिथवर आम्ही काठ्या ठोकल्या. तुझ्या रेषेपासून बावीस पावलं वर. माझी जागा अर्धी पाण्यात होती. तीन वर्षं हेच चाललंय. रेषा सुधार, नाहीतर सभेत तुझं हसं होईल.

जेवत जा. माया आहेच.

आत्या


ठाणे, १७ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

लाजले आणि खूप हसले. साहेबांना चूक सांगितली, रेषा हलवली. आता काम पक्कं झालं. पण उतार आणि तिवरं धरून तुझी सगळीच जागा पाण्याला जाते. आजोबांनी तुला लग्नात दिलेली जागा. तिथे रेषा थोडी वाकवू का? तू म्हणशील तसं करते.

राग नसावा, लोभ असावा.

तेजू


रेवस, २१ मे

चि. तेजूस आशीर्वाद.

काल सभेत कुणीतरी विचारलंच, की भाचीने आत्याची जागा वाचवली का. मी उठून सांगितलं, पाणी नातं बघत न्हाय, पाण्याला सोडायच्या जागांत माझी जागा पहिली लिहा. मग शेजारच्या केसरने हात वर केला, तिच्यामागून सगळ्या बायकांनी. भिंत रद्द झाली. पोरी, तुझं काम होणार.

घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. वडिलांची तेवढीच एक वस्तू होती माझ्याकडे. सकाळी चंदरने माझ्या जागेतल्या बोंबील वाळवायच्या काठ्या उपटल्या. खड्डे बुजवू दिले नाहीत. तिवराची पहिली रोपं त्यातच लावायची आहेत, आणि ती मी लावणार.

आत्या