रस्त्यावरचे हुलगे

सारोळे,
ता. २२ डिसेंबर १९७४

चि. सर्जेराव यास सरूअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडी आहे, स्वेटर घालत जा. हुलगे यंदा बरे झाले. नेहमीसारखे डांबरी रस्त्यावर पसरले, ट्रकांनी दोन दिवसांत मळून दिले. बैल कोण जुंपतो आता? भुसा गाईला झाला.

तू उन्हाळ्यात बाटलीतून इथली धूळ नेलीस, तेव्हा सगळी आळी हसली होती. पुण्यात धुळीचा दुष्काळ पडला का, असं शेजारची फुलाबाई म्हणाली. मग तुझं पत्र आलं, की तुझ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना त्यात शिसं सापडलं, पेट्रोलच्या धुरातलं. रस्त्यापासून लेकरं, जनावरं लांब ठेवा, असंही लिहिलं होतंस. मी ते तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चाकाखाली हुलगं फुकट मळून निघत्यात. शिसं असतं तर दिसलं नसतं व्हय?" मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

गाय गेली. आधी दात खात होती, मग डोळे उघडे असून गोठ्याच्या मेढीला धडकायला लागली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, काहीतरी खाण्यात आलं. काय, ते त्यालाही सांगता येईना. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सारखी अंगण झाडते, पाणी मारते, की ट्रक जातो आणि पुन्हा तेच.

रतन मजेत आहे, एवढंच मी तुला लिहीत आले. सर्जा, तुझी लेक माती खाते. आम्ही भुसा गोळा करत होतो, तेव्हा ती रस्त्याच्या कडेच्या मातीची मूठ तोंडात घालत होती. मारलं, मग मीच रडले. पोट दुखतं म्हणते, जेवत नाही.

तिची आई गेली तेव्हा मीच तुला म्हटलं होतं, हिर्डोशीला आपल्या आईकडे नको ठेवू, तिथं ना गाडी ना डॉक्टर. माझ्या दारात रस्ता आहे. परवा मीच तिला हिर्डोशीला सोडून आले. तुला विचारलं नाही. निघताना तिनं पदर धरला. म्हणाली, "आत्या, म्या आता माती न्हाई खानार. घरी चल."

पत्र मिळताच निघ. इकडे येऊ नकोस, वेळ जाईल. कापूरहोळावरून सरळ भोर, तिथून हिर्डोशी. तिला पुण्यात मोठ्या दवाखान्यात दाखव, साहेबांनाही विचार. बरी झाली तरी इथं धाडू नकोस. मी कितीही रडून लिहिलं तरी धाडू नकोस.

तिला फक्त सांग, आत्या रागावून गेली नाही.

तुझी,
रस्त्याकाठची अक्का