प्रथिनांची चिठ्ठी चुकीच्या खिडकीवर

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
सागरसेवा प्रसूतिगृह, भाईंदर (प.)

विषय : रक्तातील प्रथिनांच्या तपासणीची चिठ्ठी आहार विभागात न पाठवणेबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनपत्र, दि. ७ जुलै २०२५.

महोदय,

मी उत्तनचा रहिवासी असून बोटींची इंजिने दुरुस्त करतो. पत्नी ॲन्ड्रिया आठव्या महिन्यात असताना तिचा रक्तदाब १५०/१०० भरला. डॉ. मृणालिनी यांनी गोळ्या दिल्या व समजावले, की गर्भाला पोसणाऱ्या वारेतून आईच्या रक्तात दोन प्रथिने येतात. एक रक्तवाहिन्या नीट ठेवते, दुसरे त्या पहिल्याला अडवते. दुसरे फार वाढले तर आई व बाळ दोघांनाही धोका. त्यांनी 'रक्तातील प्रथिने तपासावीत, तातडीचे' अशी चिठ्ठी दिली.

२. खिडकी क्र. २ वरील श्री. सुभाष यांनी चिठ्ठीतला एकच शब्द वाचला व म्हणाले, "प्रोटीन ना? आहार विभागात जा." तेथे पत्नीस दोन उकडलेली अंडी व भाजके चणे मिळाले. "आमच्या घरात रोज म्हावरा हाय, प्रोटीन कमी न्हाय," असे तिने सांगताच, रोज मासे खात असल्याचा दाखला दोन शेजाऱ्यांच्या सहीनिशी मागण्यात आला. तो आणेपर्यंत चार दिवस गेले. त्यावर 'प्रथिने पुरेशी, तपासणीची गरज नाही' असा शिक्का बसला.

३. शिक्का बसला तेव्हा पत्नी बाकावर डोके धरून बसली होती. म्हणाली, "मेल्रॉय, तुझा तोंड दिसत न्हाय मला." इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी ओळखणारा मी, दाखला हातात धरून नुसता उभा राहिलो. परिचारिका वासंती यांनी दाब मोजला : १८०/११५. कुणालाही न विचारता त्यांनी तिला वर नेले. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. मुलगी पावणेदोन किलोची. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, परवा घरी आली. दोघी बऱ्या आहेत.

४. अशात आपले पत्र मिळाले. आहार विभागाच्या चण्यांमुळे रक्तदाब उतरल्याबद्दल अभिनंदन, व दर्शनी फलकासाठी मायलेकींचा फोटो द्यावा. फोटो देण्यास नम्र नकार आहे.

५. हा अर्ज देण्यास आलो असता घोडबंदरच्या समीक्षा नावाच्या बाई आहार विभागाच्या रांगेत दिसल्या. सातवा महिना, दाब १६०/११०, हातात तशीच चिठ्ठी. वासंती सिस्टर आज रजेवर आहेत. तरी माझ्या अर्जाचे उत्तर सवडीने द्यावे. आधी स्वतः उठून खाली यावे. मी समीक्षाबाईंच्या शेजारी उभा आहे.

आपली खाली वाट पाहणारा,
मेल्रॉय बोर्जिस
दि. १४ जुलै २०२५, सकाळी ११.२०