इंजिनाची कळ आणि नातीचा कॉम्प्युटर

चौथीतनं माझं नाव काढलंत आणि मला विहिरीवरच्या इंजिनापाशी उभं केलंत, ते मी विसरलेली नाही, दादा. का काढलं विचारलं की म्हणायचात, "आईला विचार." आई चुलीत फुंकर मारत बसायची. आता तुम्ही आईबाप दोघंही नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी नातीचा कॉम्प्युटर चालू होईना. कंपनीचं नाव यायचं, गोल फिरायचं, परत अंधार. बारापर्यंत तिला कॉलेजात डिप्लोमाची ड्रॉइंगं पाठवायची होती आणि ती सगळी त्याच्याच पोटात. पोरगी रडकुंडीला आली. "आज्जी, दुरुस्तीचं पान उघडायला एक बटण दाबायचं असतं, ते उघडतच नाही." मी चष्मा लावून शेजारी बसले. बघते तर बाई नाव दिसल्यावर बटण दाबतीय. म्हटलं, "उशीर करतीस, भवाने. चालू केलं की लगेच दाबत राहा, नाव यायची वाट बघू नको." "तुला गं काय कळतंय त्यातलं?" "इंजिन हाय ते. दाब!" तिसऱ्या खेपेला निळं पान उघडलं. ती घाईनं वरचीच ओळ दाबणार, मी मनगट धरलं. "आधी वाच, मराठीत सांग." वरची ओळ सगळं पुसून नव्यानं सुरू करायची होती. पोरगी पांढरी पडली. खालच्या ओळींत एक चालू होण्यातला बिघाड काढायची निघाली, ती दाबली. पोरगी नखं खात बसली, मी लसूण सोलला. मग ड्रॉइंगं दिसली, एकूण एक.

विहिरीवरचं इंजिन चालू करताना तुम्ही हँडल मारायचात, आतली हवा सोडणारी वरची कळ माझ्याकडं. चाकानं वेग घेतला की नेमकी पाडायची. आधी पाडली तर हँडल अडतं, उशीर केला तर तुमचा दम जातो. त्या विहिरीच्या जागी आता कुठल्याशा कंपनीचे ट्रेलर उभे असतात. एक सांगायचं राहिलं. पहिले आठ दिवस मी कळ मुद्दाम चुकवत होते, वैतागून शाळेत धाडाल म्हणून. तुम्ही "बधिर हाय माझी पोरगी" म्हणून हसायचात, एका हातानं हँडल मारायचात आणि ग्रीसनं माखलेला दुसरा हात माझ्या हातावर ठेवायचात. नंतर जमायला लागलं तरी मी अधनंमधनं चुकवायची, तो हात यावा म्हणून.

हा कागद पिठाच्या डब्याखाली राहील, पोस्टात टाकायचा तरी कुठं? पण मी मुद्दाम करते हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं तर शाळेत का नाही धाडलंत? तुम्हीच सांगायचं. आईला पुढं करायचं नाही.